पथरी पडली

माझ्या हातून काही फुटलं, की मी आधी माफी मागत नाही. आधी डिंक शोधतो. चिनी मातीचा कप, चष्म्याची काडी, एकदा तर शाळेतल्या पृथ्वीच्या गोलाची खालची बैठक. चिकटवून वस्तू जागेवर ठेवायची आणि मग कुणी तिच्याकडे हात नेला की घाम पुसत बसायचं. बायको म्हणते, "तुम्ही चोर झाला असतात, तर चोरी करायच्या आधीच पोलिसात जाऊन बसला असतात." तिचं निम्मं खरं आहे. जाऊन बसलो असतो, पण बोललो नसतो.

आता जे सांगतो आहे ते एका दगडाबद्दल आहे.

आमच्या धाराशिवकडच्या वाशीच्या बाजारात एक सलून आहे. ते आता नातू चालवतो आणि त्याचे आजोबा मागच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याकडं बघतात. तोंडाकडं नाही, डोक्याकडं. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणतो. नातवाकडं अर्धी पत्ती घालायचा वस्तरा आहे. एक दाढी झाली की पत्ती टाकून द्यायची. आबांच्या धोकटीत, म्हणजे हत्यारांच्या कातडी पिशवीत, मात्र आख्ख्या पात्याचा जुना वस्तरा आहे आणि त्याला धार लावायची पथरी. आमच्याकडं जुनी माणसं धारेच्या बारीक दगडाला पथरी म्हणतात. मुतखड्यालाही पथरीच म्हणतात. पुढचा सगळा घोटाळा या एका शब्दानं केला, पण माझा वाटा मोठा.

तीन वर्षांपूर्वी मोबाईलवर चित्रफिती बघून मीही आख्ख्या पात्याचा एक वस्तरा मागवला. पहिल्याच दिवशी गालावर कापूस लावून शाळेत गेलो. मग आबांकडं गेलो. त्यांनी वस्तरा उलटसुलट केला, अंगठ्याच्या नखावरून अलगद ओढला आणि म्हणाले, "वस्तरा नवा, हात नवा. जुना म्हंजे गालच तेवढा. त्याला कशाला छळायलाव मास्तर?"

तेव्हापासून महिन्यातून एकदा ते माझा वस्तरा पाजवून देत. आधी जरा खरखरीत दगड, मग शेवटचा हात पथरीवर. ही पथरी वीतभरही नव्हती. रंग ओल्या शेवाळासारखा काळसर हिरवा, आणि अंगावरून बोट फिरवलं तर दगडाला हात लावला की लोण्याला, असं व्हावं. आबांच्या वडिलांनी निजामाच्या काळात ती हैदराबादच्या बाजारातून आणलेली. आबा तिच्यावर चार थेंब पाणी टाकत, पातं आडवं टेकवत आणि धार पुढं करून सरकवत. मग पाठीवर पातं उलटायचं, पुन्हा परत. दाब काही नाही. नुसतं वस्तऱ्याचं वजन. आवाज इतका बारीक, की समोर टमटम घरघरत उभी असली तर ऐकूच यायचा नाही.

मला वाटलं, हे आपल्यालाही जमेल. दोन दिवसांसाठी पथरी मागितली. आबांनी बराच वेळ माझ्या हातांकडं पाहिलं. मग म्हणाले, "न्या. पर मांडीवर धरा, कट्ट्यावर ठिवू नका. कट्ट्याला माया नसती."

मी कट्ट्यावर ठेवली. मोरीतल्या कट्ट्यावर, साबणाच्या शेजारी. ती घसरली, खालच्या शहाबादी फरशीवर आपटली आणि तिचे दोन तुकडे झाले. एक मोठा, एक लहान. मी मोरीत उकिडवा बसून ते जुळवून पाहिले. इतके बरोबर जुळत होते, की मला मोह झाला. दोन नळ्यांतला मिसळून लावायचा तो डिंक घरात होताच. माझ्या घरात तो मिठासारखा असतो. सकाळी पथरी अखंड होती. मधून एक केसाएवढी रेघ, बस्स.

वस्तरा फिरवून पाहिला. रेघेवर आला की टक् करून अडायचा. धारेवर बारीक दाते पडले.

मी परत द्यायला गेलो नाही. "सराव चाललाय" असं सांगत राहिलो, आणि आबा "करा, करा" म्हणत राहिले.

त्यातच धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या दहा महिन्यांच्या मुलाचं जावळ ठरलं होतं. पुढच्या रविवारी, येडशीला रामलिंगाला. जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर बसतं, म्हणजे माझ्या. "आणि दादा," ती म्हणाली, "आबांना तूच घेऊन ये. माझं जावळ त्यांनीच काढलंय, माझ्या लेकीचं त्यांनीच काढलं. याचंही तेच काढणार. आई सांगते, मी झोपेतून उठलेसुद्धा नव्हते."

मी आबांना निरोप दिला. त्यांचा चेहरा उजळला. चहाची बशी धरली की त्यांचा हात थरथरतो, थोडा चहा सांडतो. त्या दिवशी जास्तच सांडला.

"मग पथरी आना आता," ते म्हणाले. "आठ दिस हायेत. वस्तरा लई दिस पडून हाय, सावकाश पाजवावा लागंल."

"आणि पथरी नसती तर?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तर नातू काढील पत्तीनं. पत्ती कापती की चांगली. पर म्या न्हाय धरनार पत्ती. तिला धार कुनी लावली, कुठं लावली, मला ठाव न्हाय. बाळाची टाळू आजून भरलेली नसती मास्तर, बोटाखाली धकधकती. तिथं ज्याची धार त्याचाच हात पायजे." मग हसून म्हणाले, "ह्ये जावळ झालं न्हाय तर धोकटी बांधून आढ्याला टांगतो. लई झालं."

म्हणजे माझ्या मोरीत नुसता दगड फुटला नव्हता. मी त्याच वेळी सगळं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण तोंडातून आलं ते असं, "आबा, तुमच्यासाठी मी एक नवीन पथरी बघतो. जुनीला जोड."

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, धाराशिवला गेलो. हार्डवेअरच्या दुकानात धारेचा दगड मागितला, तर त्यानं करड्या रंगाची वडी पुढं टाकली. मी बोट फिरवलं. "याहून बारीक?" त्यानं दुसरी काढली. "याहून बारीक?" तिसऱ्या वेळी त्यानं विचारलं, "कापायचं काय आहे नेमकं?" मी म्हणालो, "लहान बाळ." मग घाईघाईनं जोडलं, "बाळाचे केस." पण तोवर शेजारचं गिऱ्हाईक दोन पावलं सरकलं होतं.

तीन दगड घेऊन आबांपुढं ठेवले. त्यांनी एकेक हातात घेतला. बघायची त्यांची रीत अशी: आधी कोरड्या दगडावर नख ओढायचं. नखावर पांढरी भुकटी दिसली तर तो दगड खाणारा. मग थेंबभर पाणी. पाणी लगेच आत गेलं तर दगड तहानलेला, वर तरंगलं तर पोट भरलेला. शेवटाला पोट भरलेला पाहिजे. मग पातं सरकवायचं, आणि ऐकायचं.

"ह्यो इळ्याचा," पहिला बाजूला ठेवत ते म्हणाले. "कडबा कापा." दुसऱ्यावर पातं एकदाच सरकवून थांबले. "ह्यो बोलतोय लई. शेवटचा दगड मुका पायजे." तिसरा मला गुळगुळीत म्हणून फार आवडला होता. तो त्यांनी चहाच्या बशीखाली ठेवला. "ह्यो चांगलाय. आता बशी हालत न्हाय."

"चांगला शेवटचा दगड ओळखायचा कसा, आबा?"

"सरकून सरकून पातं दगडाला चिकटाया लागतं. उचलाया गेलं तर वाईच धरून ठिवतं, लेकरानं पदर धरावा तसं. तवा समजायचं, झालं." आणि मग तोच प्रश्न, "माजी कवा आनताव?"

बुधवारी शाळेत मधल्या सुट्टीत माझा धीर सुटला. शिक्षकांच्या गटावर घाईत संदेश टाकला: "पथरीसाठी आपल्या भागात चांगलं ठिकाण कोणतं? तातडीचं आहे." लगेच हात जोडलेली चित्रं आली. "काळजी घ्या सर." एका बाईंनी विचारलं, "बारीक आहे का?" मी लिहिलं, "बारीकच हवी. जितकी बारीक तितकी बरी." त्यांनी लिहिलं, "अगदी खरं." दुसऱ्या एकानं विचारलं, "साईज काय आली?" मला वाटलं माणूस जाणकार दिसतोय. मी लिहिलं, "आधीची साडेचार इंच होती."

पाचच मिनिटांत मुख्याध्यापक स्वतः वर्गाच्या दारात आले. माझा हात धरून म्हणाले, "सर, इंच नसतं हो ते. मिलिमीटर असेल. रिपोर्ट नीट वाचा. माझी सात मिलिमीटर होती तर मी गडाबडा लोळलो होतो."

तेव्हा मला उलगडा झाला. तिथंच हसून सांगता आलं असतं. पण खरं सांगायचं तर दगड कशाला हवा तेही सांगावं लागलं असतं, आणि आमच्या शाळेचे शिपाई आबांच्या गल्लीत राहतात. म्हणून मी पोटावर हात ठेवला. फक्त ठेवला. बाकीचं त्यांनीच समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कुळथाच्या कढणाचा डबा होता. पानफुटीची पानं होती. माझा पहिला तास एका बाईंनी आपणहून घेतला, त्यांना स्वतःला सर्दी होती तरी. मी कढण प्यालो. डबा धुऊन परत दिला, तर त्याच्या बदल्यात मोठा डबा आला. घरी बायकोनं विचारलं, "तुम्हाला पथरी झाली हे मला बाजारात कळावं?" तिला मात्र खरं सांगितलं. ती हसत हसत स्वयंपाकघरात गेली आणि येताना वाटी घेऊन आली. "काय आहे?" "कुळीथ. आता सुरू केलंय तर पुरं करा."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर आबांकडं गेलो. जावळाला दोनच दिवस उरले होते. चिकटवलेली पथरी रुमालात गुंडाळून माझ्या पिशवीत होती. ती रोजच असायची, पिशवीतून बाहेर तेवढी यायची नाही. आबांनी मला पाहिलं आणि सरकून जागा केली. असं ते कधी करत नाहीत. आवाजही मऊ होता.

"बसा मास्तर. हळू बसा. म्या ऐकलं समदं."

मी पिशवी जवळ ओढली. "काय ऐकलं?"

"पथरीचं. शिपाई सांगत हुता. पडली का?"

संपलं, मला वाटलं. एकदम हलकंही वाटलं. "पडली, आबा."

"कवा?"

"बारा दिवस झाले."

"बारा दिस! आन बोलला न्हाईत? कुठं पडली?"

"मोरीत."

"मोरीतच पडनार की. काय देवळात पडती?"

त्यांचा समजूतदारपणा मला सहन होईना. "आबा, माझं चुकलं."

"ह्यात तुमचं काय चुकलं? पडनारी चीज, पडली. उलट सुटलाव. तरास लई झाला आसंल."

"जेवण जात नाही."

"जानार कसं? आख्खी पडली का तुकडे हून?"

"दोन तुकडे झाले."

"म्हंजे मोठीच हुती."

"केवढी होती ते तुम्हाला ठाऊकच आहे."

आबांनी माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. "मला कसं ठाव आसनार मास्तर? टाकून दिली न्हवं?"

"टाकेन कशी आबा? दोन्ही तुकडे डिंकानं चिकटवलेत. तुम्हाला परत द्यायचे म्हणून."

"मला?" आबा भिंतीला टेकले.

"इथंच आहे, पिशवीत. दाखवतो."

"दावू नका! देवाशपत मास्तर, आत ठिवा ती!"

पण मी आता थांबणार नव्हतो. इतक्या दिवसांचं ओझं होतं. मी रुमाल सोडला आणि पथरी त्यांच्या पुढ्यात ठेवली. आबांनी डोळे मिटून घेतले होते. एक डोळा उघडला. मग दुसरा. मग त्यांच्या पोटातून जे हसू निघालं त्यानं सलूनमधला नातू गिऱ्हाईकाच्या अर्ध्या दाढीवर वस्तरा सोडून बाहेर आला. "तुमची... ती... आन म्या म्हनलो..." त्यांना खोकला लागला. नातवानं पाणी दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पथरी उचलली आणि हसू ओसरलं. बोट रेघेवरून एकदा नेलं, एकदा आणलं. मला वाटलं, ओरडावं यांनी. नातवासमोर, गिऱ्हाईकासमोर ओरडावं.

"माज्या बापाचा हात लागलाय हिला," ते म्हणाले. "फुटली त्याचं काय न्हाय. दगड हाय, फुटनारच. डिंक कशाला लावला?"

"फुटलेली दिसू नये म्हणून."

"आरं, पर ही आधीच फुटलेली हाय!" त्यांनी पथरीचं दुसरं टोक माझ्यापुढं धरलं. ते टोक तिरकं होतं, घासून घासून मऊ झालेलं. तीन वर्षं मी ते पाहत होतो, दगड असाच असेल म्हणून. "वाटनीत बापानं आन चुलत्यानं मधून फोडून घेतली. चुलत्याची अर्धी जळकोटला गेली. तिकडं सुनांनी तिच्यावर लसून ठेचला, ती संपली. ही अर्धीच साठ वर्सं चालली. अर्धीची पाव झाली आसती तरी ह्ये जावळ निगालं आसतं. तुमी डिंक लावून आख्खी केलीत, आन ती गेली कामातनं."

"मग आता?"

"आता फोडा."

मी हात मागं घेतले.

"म्या न्हाय फोडनार, माज्या बापाची हाय. तुमी फोडा. तुमाला सवय हाय."

सलूनमागच्या घरात आबांच्या सुनबाईंनी जुन्या पातेल्यात थंड पाण्यात पथरी टाकून चुलीवर ठेवली. पाणी उकळायला लागल्यावर आत डोकावून त्या म्हणाल्या, "मीठ घालू का?" बराच वेळ उकळल्यावर डिंक ढिला झाला. आबांनी ती फडक्यात धरून माझ्या हातात दिली आणि उंबऱ्याकडं बोट केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी वस्तू सगळ्यांच्या देखत फोडणार होतो. हात आपटायचा आणि मध्येच थांबायचा. "मास्तर," आबा म्हणाले, "चुकून कसं पटकन जमलं हुतं!"

तिसऱ्या वेळी आपटली. टक् आवाज आला. ती रेघेवरच सुटली होती.

मग मी तासभर खरखरीत दगडावर फुटलेल्या कडा घासत बसलो. आबा शेजारी बसून सांगत होते: इथं अजून टोचतंय, इथं डिंक राहिलाय. अंधार पडायच्या आत त्यांनी मोठा तुकडा डाव्या तळहातावर घेतला, पाणी टाकलं आणि पातं टेकवलं. बशी धरताना थरथरणारा हात थरथरला नाही. पातं जाई-येई. पाणी हळूहळू काळसर झालं. मग एकदा त्यांनी पातं उचललं तर ते दगडानं किंचित धरून ठेवलं. मी पाहिलं. त्यांनीही मी पाहिलं की नाही ते पाहिलं.

लहान तुकडा त्यांनी माझ्या रुमालात ठेवला. "ह्यो तुमचा."

"नको आबा. मी फोडली आणि मीच घेऊ?"

"फोडल्याबिगर कुनाला वाटा मिळतो व्हय? घ्या. मांडीवर धरा."

रविवारी रामलिंगाला झाडांवर माकडं बसून नारळांवर नजर ठेवून होती. भाचा माझ्या मांडीवर आला. बहिणीनं त्याचं डोकं ओलं केलं. आबांनी ओल्या केसांवरून बोटं फिरवली, एका जागी थांबवली आणि माझं बोट धरून तिथं टेकवलं. टाळू खरंच धकधकत होती. "धरा आता," ते म्हणाले. मी धरलं. भाचा माझ्या शर्टाचं बटण चोखत राहिला. वस्तरा फिरायला लागला. आवाज असा नव्हताच. केस नुसते खाली यायचे, बहिणीच्या पदरात. टाळूवर आले तेव्हा मी डोळे मिटले, तर कानाशी आबा म्हणाले, "उघडा मास्तर. मोरी न्हाय ही."

शेवटी त्यांनी ओल्या फडक्यानं डोकं पुसलं. बहिणीनं वाकून कानामागं, मानेवर सगळीकडं पाहिलं. कुठं लाल रेघसुद्धा नव्हती. भाचा बटण सोडून माकडाकडं बघायला लागला. आबांनी वस्तरा मिटला, पथरीचा तुकडा फडक्यात गुंडाळला आणि धोकटीत ठेवला. धोकटी त्यांनी खांद्याला लावली. आढ्याचं काही बोलले नाहीत.

मग बहीण थर्मास घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. "दादा, वहिनीनं फोनवर सगळं सांगितलंय तुझ्या पथरीचं. गरम गरम पी." आत कुळथाचं कढण होतं, आणि ती हसू दाबत होती. तिला खरं काय ते माहीत होतं की नव्हतं, मला अजून कळलेलं नाही.

"पाजा, पाजा त्यास्नी," आबा म्हणाले. "आमी पथरीवर पाजवतो, मास्तर पथरीला पाजत्यात."

मी प्यालो. लहान तुकडा आता माझ्याकडं असतो, मांडीवरच धरतो. फक्त शाळेच्या गटावर मी अजून खरं लिहिलेलं नाही. ज्यांनी डबे पाठवले, तास घेतले, त्यांना ते इथंच कळेल. सर्दी असताना माझा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंची विशेष माफी मागतो. या वेळी डिंक शोधला नाही.